हेल कोणासाठी काढला

५ जाने., सोम.

परात गेली. पितळेची, मला न विचारता गेली. सकाळी पीठ काढून ठेवलं नि वळून बघते तं ओट्यावर जागा रिकामी. म्हणतील, स्टीलची आहे ना, त्यात थापा. स्टीलच्या परातीत भाकर सरकते, मनगट दुखून येतं. पण सांगायचं कोणाला. घरात माणसं दोन, एक डाळमिलला गेलेला नि दुसरी परात घेऊन गेलेली.

आता श्री. वरती लिहायचं राहिलं म्हणून इथं लिहिते.

परात वैजूने नेली. नात माझी. गाते. तिच्या गाण्यात ढोल वाजवणारा एक पोरगा आहे, त्याला परातीचा आवाज आवडला. संध्याकाळी येऊन मलाच सांगते, "अक्का, पितळेचा आवाज गोल येतो."
"मन्ही भाकर बी गोलच येस. परात आण."
रविवारनंतर आणते म्हणे.

परातीवर नाव कोरलेलं आहे, मंगल. माझी सून, वैजूची आई. तिच्या रुखवतातली परात. मंगल धुळ्याला भावाकडे निघून गेली त्याला चार दिवाळ्या झाल्या. दिलीपचं नि तिचं बिनसलं. दिलीप माझा पोरगा, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीला खिळा मारायचा. जाताना तिने कपडे नेले, शिलाई मशीन नेलं. भांडी नाही नेली. भांडी माहेरी परत गेली म्हणजे मोडलं. तोवर मोडलं नाही. म्हणून ती परात उंबऱ्याबाहेर जायला नको. पोरीला हे कळत नाही नि मी सांगत नाही.

८ जाने., गुरु.

वैजूने आज मला बसवून समजावलं. मला समजलं नाही.

ती नि तिची मंडळी गाण्यांचा अल्बम काढणार. इंग्रजी प्रकार आहे, रिदम अँड ब्लूज. दुःखाचं गाणं असतं म्हणे.
"मग रडगाणं म्हण की."
"तसं नाही अक्का. दुःख असतं पण पाय हलतात."
दुःखात पाय कसे हलतात हे मला... असो.

आणि हा अल्बम बंद खोलीत बसून नाही करायचा. हायवेवर हॉटेल आहे, त्याच्या तळघरात नाईट क्लब काढलाय. तिथं माणसं बसवायची, त्यांच्यासमोर गायचं, नि माणसांचा आवाजसुद्धा गाण्यात घ्यायचा. पेला वाजला, कोणी खोकलं, शिट्टी मारली, बठ्ठं घ्यायचं. लग्नाच्या व्हिडिओत गोंगाट आला की आपण त्या व्हिडिओवाल्याला बोलतो. इथं गोंगाट मुद्दाम. वैजू म्हणे, त्यानेच खरं वाटतं.

म्हणजे शांततेत गायलेलं खोटं? विचारलं तं हसली.

नाव नाईट क्लब नि बोलावलंय भरदुपारी. रात्री खरी गिऱ्हाइकं असतात. पडदे लावून रात्र करणार.

पुण्याहून केतन म्हणून एक जण आलाय, यंत्रावर तो बसतो. वाकून पाया पडला. वाकला तेव्हा कानातली बाळी दिसली. पोरगा वाईट नाही, पण खात नाही. त्यांच्यासाठी भरीत केलं होतं, तिखट लागलं म्हणून नुसती भाकर पाण्याबरोबर गिळली.

१० जाने., शनि.

दिलीप जाणार नाही.
"दारूना ठिकाने मन्ही पोर गाई नि मी दखाले जाऊ?"
मी म्हटलं, तुझ्या डाळमिलमध्ये कोणती आरती चालते. पण जाणार नाहीच.

मी जाणार. परातीवर लक्ष ठेवायला.

११ जाने., रवि.

जाऊन आले. परात परत आणली. कडेला पोचा पडलाय.

तिथं काहीतरी झालं. माझ्याकडूनच झालं. घसा बसलाय, उद्या लिहीन.

१२ जाने., सोम.

जिना उतरून खाली जायचं. भिंती काळ्या, गारवा असा की शाल नेली ते बरं. बाटल्या कापडाने झाकलेल्या, तेवढी लाज राखली. वैजूच्या कॉलेजातली पोरं, कोणाकोणाच्या मावश्या, आमच्या मेहरूणच्या गल्लीतल्या दोघी जणी, हॉटेलचे वेटर. मला मोसंबीचं सरबत दिलं. पेल्यात कागदाची छत्री. सरबताला छत्री कशाला? विचारणार होते, राहिलं. छत्री पिशवीत टाकली.

सुरू व्हायच्या आधी केतन उभा राहून म्हणाला, "आतून जे येईल ते येऊ द्या. टाळी, हाक, काहीपण. अडवू नका." हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मी लिहून ठेवते, कारण आता जो तो विचारतो की तुला सांगितलं होतं कोणी.

पहिली गाणी धडाधड झाली. इंग्रजी. वैजूने काळा ड्रेस घातलेला, कपाळ मोकळं. आवाज चांगला लावला. बोलताना बापासारखी बोलते, गाताना मंगलचा गळा निघतो. पाय हलले लोकांचे. माझाही एक हलला. दुसरा गुडघ्यामुळे नाही.

मग शेवटचं गाणं. वाजवणारे थांबले. एक गिटारवाला तेवढा हळूहळू. नि ही पोर आपल्या बोलीत गायला लागली. मला कोणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी होतं तोवर ठीक होतं.

"माय, तू कथी शेस."

एवढंच. आई कुठं आहेस, हेच पुन्हा पुन्हा. म्हणायची नि थांबायची, कोणी उत्तर देईल अशी. मग गिटार काहीतरी करायचं. मग पुन्हा तीच ओळ. गिटार काय उत्तर देणार.

आमच्यात बाई हेल काढून रडायला लागली की तिला एकटी सोडत नाहीत. जी जवळ बसली असेल तिने हेल उचलायचा, तिच्या आवाजात आवाज घालायचा. एकटीचं रडणं ऐकत बसणं म्हणजे हिचं कोणी नाही असं चार लोकांत सांगणं. मी आजूबाजूला बघितलं. बाया होत्या. गल्लीतल्या त्या दोघीही होत्या, त्यांना तं हे सगळं माहीत. मोबाईल वर धरून बसलेल्या. कोणी उचलेना. पोर आपली म्हणतेय, थांबतेय, म्हणतेय, थांबतेय.

मग मी उचलला.

बसल्या जागी, पदर तोंडाशी धरून, डोळे मिटून.
"माय वं, मन्ही मंगल वं, कथी गई वं. घर सूनं करी गई वं. चुल्हा तुन्ही वाट दखस वं."

मंगलचं नाव घेतलं. ते तोंडात कसं आलं... रडत होती वैजू, उचलायचं होतं तिचं, नाव आलं मंगलचं. डोळे उघडले तं वैजू माझ्याकडे बघत गातेय, थांबली नाही. एक ओळ ती, एक मी. ढोलवाल्याने परात मांडीवर घेतली नि बोटांनी वाजवायला लागला. किती वेळ चाललं देव जाणे.

संपल्यावर मला वाटलं बिघडवलं मी. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. रडण्याला टाळ्या. असं कुठं...

केतन यंत्रामागे दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. ते चांगलं का वाईट ते घरी येईपर्यंत कळलं नाही. चांगलं म्हणे.

१४ जाने., संक्रांत.

लीला, माझी धाकटी बहीण, धरणगावहून तिळगूळ घेऊन आली. वैजूने हौसेने मोबाईलवर ते गाणं ऐकवलं. लीलाने अर्धा लाडू खाल्ला होता, उरलेला खाली ठेवला.
"कोन मरनं व?"
"कोणी नाही. गाणं आहे ते."
"हाऊ मयतना हेल शे. जित्ती बाईना नाववर मयतना हेल काढा तू?"

मी म्हटलं मयताचा नाही, पाठवणीचा. लेक सासरी निघाली की हेल काढतातच, नि नाव घेऊनच काढतात. लीला म्हणे, पाठवणी सासरी जाताना असते, ही तं सासरहून गेली. उलट्या वाटेला कोण हेल काढतं?

लीला लहानपणापासून अशीच. बरोबर असते नि बरं वाटू देत नाही.

आता रात्रभर तेच डोक्यात फिरणार. दोन्हींची चाल एकच. शब्दसुद्धा तेच, कथी गई, घर सूनं. फरक एवढाच की पाठवणीत नवरी उलटून रडते, तिच्याकडून उत्तर येतं. मयतात ज्याच्यासाठी रडायचं त्याच्याकडून काही येत नाही, बायाच आपसात रडतात. मग माझा कोणता? काढताना ठरवला नव्हता. ठरवून कोणी काढतं का?

दिलीप दारात उभा राहून ऐकत होता, आम्हाला पत्ता नाही.
"पुसी टाका ते."
नि गेला. गुळाच्या पोळ्या तशाच.

१७ जाने., शनि.

केतन आला. कानांवर ते मोठं झाकण लावलं नि मला माझा आवाज ऐकवला. माझा नाही वाटला. माझ्या आईचा वाटला. ती तिथं कुठून आली. काढून ठेवलं, मग पुन्हा लावलं.

सगळं आलंय त्यात. पेला ठेवल्याचा आवाज, कोणीतरी नाक ओढलेलं, परात. आम्ही दोघी दोन कानांत, ती इकडून, मी तिकडून.

केतन म्हणे, "अक्का, अल्बम या गाण्यावर उभा आहे. तुम्ही हो म्हणा. तुमच्या हो शिवाय मी ते बाहेर सोडणार नाही."
"बाहेर सोडलं की कोण ऐकणार?"
"कोणीही. कुठंही. मोबाईलवर."
"मग परत आत घेता येतं?"
"नाही."

म्हणजे मंगलच्या नावाचा हेल गावोगाव चालू राहणार. ती भाजी निवडत असेल तेव्हाही, कोणीतरी कुठंतरी तिला रडत असणार. मी म्हटलं, थांब. तो म्हणे महिनाअखेरपर्यंत थांबतो. भरीत नको म्हणाला, मी विचारलंही नव्हतं.

१९ जाने., सोम.

बाप-लेकीचं वाजलं.
दि. म्हणे, "मन्हा घरनं रडनं दारूना हॉटेलमा वाजाडं तू."
वै. म्हणे, "पप्पा, मम्मीचं नाव या घरात कोणी घेत नाही. अक्काने एकदा घेतलं. तेपण पुसायचं?"

दि. मग माझ्याकडे वळून, तू नाही म्हण. ती म्हणे, अक्का, तू हो म्हण. दोघं माझ्याकडे असे बघतात जशी मी मतदानाची पेटी. मी म्हटलं, दूध उतू जातंय, नि उठले. दूध ठेवलंच नव्हतं.

नाव घ्यायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. आपोआप बंद झालं. परात मागतानाही आम्ही 'ती पितळी' म्हणतो, नाव वाचत नाही. वैजूचं बरोबर आहे. दिलीपचंही चूक नाही. लीलाचंही नाही. मग मी कोणाचं...

२३ जाने., शुक्र.

धुळ्याला जाऊन आले. वैजू सोबत. दिलीपला सांगितलं, गुडघा दाखवायला जाते.

निघताना वैजूने विचारलं, परात घेऊ का, मम्मीला दाखवायला? मी म्हटलं, परात उंबऱ्याबाहेर गेली तं मी घरातून हलणार नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा मी नेली म्हणून चिडली होतीस?" मी पिशवी उचलली. कळलं तेवढं पुष्कळ.

मंगलचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, ब्लाउज शिवते. वाळली थोडी. पाया पडली, पाणी दिलं, चहा सांगितला. मला 'आत्या' म्हणाली, पहिल्यासारखंच. मी म्हटलं, आधी ऐक, मग बोल.

मशीनवर बसूनच ऐकायला लागली. बाही जोडत होती. वैजूचा आवाज आला, पाय चालू. माझा आला, पाय चालूच. नाव आलं तिथं पाय थांबला. सुई कापडात रुतलेली, हात तसेच. शेवटपर्यंत तशीच बसली.

"मी मरसू तवय रडा ना, आत्या. आतेच कसाले रडी लिधं?"
"मरेलकरता नव्हतं ते."
"मंग कोनकरता?"
"माले म्हाईत नही."

खरंच नव्हतं माहीत. वाटलं होतं तिच्या तोंडाकडे बघून कळेल. तेही नाही.

मग ती खाली बघूनच, "वाजी राह्यनी ती परात मन्ही ना?"
"तुन्हीच."
"पोचा पडना का तिले? पहिले अशी नही वाजे."
"पडना. तुन्ही पोरना उद्योग."

टाचण्या तोंडात धरून बाही फिरवायला लागली. हसली की काय, टाचण्यांमुळे कळलं नाही.

मी विचारलं, तुझं नाव आहे त्यात, लोकांत जाऊ देऊ का? तेवढ्यात एक बाई माप द्यायला आली. मंगल टेप घेऊन पडद्यामागे गेली ती आलीच नाही. एका ब्लाउजच्या मापाला एवढा वेळ लागत नाही. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते, जागचे हलत नव्हते. ती बाई माप देऊन गेलीसुद्धा. आम्ही बससाठी निघालो. मी पडद्याकडे बघून म्हटलं, येते वं. पडद्यामागून "हां" आलं. हां कशाला? मी निघाले त्याला, की विचारलं त्याला?

वैजू पारोळ्यापर्यंत रडली. हेल नाही, नुसतीच. मी खिडकी लावून घेतली, वारं लागत होतं.

२६ जाने., सोम.

सकाळपासून शाळेतला लाऊडस्पीकर. दिलीपला सुट्टी.
"गुडघ्याचं काय म्हणाला डॉक्टर?"
"वाकत नाही म्हणे."
"कोणाचा?"

ओळखलं होतं त्याने. मी भाकर थापत राहिले. मग तो पाणी पिऊन, पेला विसळून, पुन्हा पाणी पिऊन म्हणतो,
"ती काय म्हने?"
ती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"परातीचं विचारलं. पोचा पडला का म्हणे."

संध्याकाळी बघते तं परात घेऊन बसलाय. पोच्यावर अंगठा दाबून बघत होता. निघाला नाही. मिलमधल्या फिटरकडून ठोकून आणतो म्हणे. मी म्हटलं, ठेव खाली. बाहेर नाही न्यायची. त्याने ठेवली. नाव वरती येईल अशी ठेवली, का तशीच ठेवली गेली... विचारलं नाही.

२९ जाने., गुरु.

केतनचा फोन आला. शेवटचं विचारतो म्हणे. वैजूने स्पीकरवर लावला. ती समोर, दिलीप पेपर धरून, पण पान उलटत नव्हता. मी जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी फिरवायचं नाही.

मयताचा हेल असेल तं बाहेर जाऊ नये. पाठवणीचा असेल तं खुशाल जावा. कोणता ते मला सांगता येत नाही. लीलाला वाटतं येतं, तिलाही येत नाही. जिचं नाव घेतलं तिच्याकडून काही आलं तरच ठरेल. पडद्यामागचं 'हां' मी धरत नाही, ते कशाला होतं ते तिलाच माहीत.

केतनला म्हटलं, माझा हेल संपतो तिथं जागा मोकळी सोड. गिटार नको घालू, टाळ्या नको. तुझं यंत्र घेऊन धुळ्याला जा नि मंगलच्या मशीनजवळ बस. मशीनचा आवाज येतो तं येऊ दे, तुम्हा लोकांना गोंगाट आवडतोच. ती हेल काढेल, शिवी देईल, परातीचं विचारेल. जे तोंडातून निघेल ते माझ्यामागे लाव, कापू नको. काहीच नाही निघालं तं माझंही पुसून टाक.

"अक्का, पण त्या नाही बोलल्या तर गाणंच..." 
मी म्हटलं, मग नाही गाणं.

दिलीप पेपरामागून म्हणाला, "मी फोन लावू का तिला?"
मी म्हटलं, आज नाही. हे होईपर्यंत तूही लावायचा नाहीस, नि वैजू, तूही आईला शिकवायचं नाहीस काय म्हणायचं ते. तिच्या आवाजात तूच गाऊन देशील, मला माहीत आहे तुझा गळा. लीलाने धरणगावहून काही कळवायचं नाही. माझं जे होतं ते मी तळघरात म्हणून टाकलंय, त्याच्या पुढचं मी म्हणणार नाही.

उत्तर मंगलने द्यायचं. तिच्याच तोंडाने.